कुंडलिकेत पावसाळ्यानंतरही पाणी असतं

कोणीतरी विचारलंय की पाऊस संपल्यावर कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला (रबरी होडीतून वेगवान पाण्यातून जायला) जाण्यात अर्थ आहे का, नदी आटलेली नसेल का. तर अर्थ आहे, नक्की जा. कुंडलिकेला पाणी येतं ते मुळशी धरणाचं, घाटमाथ्यावरून पाइपातून खाली भिऱ्याच्या टाटा पॉवरहाऊसला, वीज तयार झाली की तेच पाणी नदीत सोडतात, म्हणून भर उन्हाळ्यातही राफ्ट चालते. पण पाणी सोडतात सकाळी, त्यामुळे मुंबई-पुण्याहून पहाटेच निघा किंवा आदल्या रात्री मुक्काम करा, आम्ही रात्रीच पोचलो होतो.

राफ्टिंग साजे गावापासून सुरू होतं, साधारण १२ किमी, दुपारी जेवायला मोकळे. पहिल्या अर्ध्या भागात रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत धावणाऱ्या पाण्याचे टप्पे, एकामागून एक येतात, पुढे पाणी शांत होतं, तिथे गाइड सांगेल तरच उतरून तरंगायचं, मला तेच सगळ्यात जास्त आवडलं, दोन्ही बाजूंना हिरवी झाडी आणि वर सह्याद्री.

एक मात्र कळकळीने सांगते, लाइफ जॅकेट घातलं की कोणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पट्टे परत आवळून घ्या. आणि पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न अजिबात नको, पाय दगडात अडकतो, पाठीवर झोपून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे. पोहता येत असलं तरीही हेच.