शब्दचर्चा : 'जी आणि सी यांचे प्रमाण' म्हणावे, की 'जीसी अंश'?

फलकलेखक, धरमपेठ

नागपुरातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी डीएनएविषयीच्या फलकांचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. त्यातील एक वाक्य मी 'निरनिराळ्या सजीवांच्या जीनोममध्ये जी आणि सी यांचे प्रमाण वेगवेगळे असते' असे लिहिले (जीनोम म्हणजे सजीवाचा संपूर्ण डीएनए), आणि संयोजकांपैकी एका शिक्षिकेने त्यावर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, दुपेडी डीएनएमध्ये ग्वानीनसमोर (जी) सायटोसीनच (सी) येत असल्यामुळे या दोघांचे प्रमाण कोणत्याही सजीवात १:१ असेच राहणार. मग ते वेगवेगळे कसे? मूळ मजकुरात अर्थातच डीएनएच्या चारही बेसच्या, म्हणजे ॲडेनीन (ए), थायमीन (टी), जी आणि सी या घटकांच्या, एकूण संख्येतला या दोघांचा मिळून शेकडा वाटा अभिप्रेत आहे. माणसात तो सुमारे ४१ टक्के, मलेरियाच्या फाल्सिपेरम परजीवीत जेमतेम २०, तर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंत ७२ टक्क्यांच्या आसपास भरतो. 'हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्के' हे वाक्य कोणाला खटकत नसेल, तर माझे वाक्यही खटकू नये असे मला वाटते. जाणकारांनी मत द्यावे. फलकावर जागा एका ओळीचीच आहे.

शब्दवेडा, महाल

शिक्षिकाबाईंची हरकत रास्त आहे, मात्र दोष 'प्रमाण' या शब्दाचा नसून 'आणि'चा आहे. 'लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण' म्हटले की आपण वाटा समजतो आणि 'स्त्री-पुरुष प्रमाण' म्हटले की गुणोत्तर समजतो. दोन नावे शेजारी आली की 'प्रमाण' आपोआप त्या दोघांतली तुलना करू लागते. त्यापेक्षा 'जीसी अंश' हा सुटसुटीत शब्द घ्यावा. एक विनंती अशी की, 'जीसी की मात्रा' या हिंदी वळणावरून 'जीसी मात्रा' तेवढे लिहू नये. नागपुरात हिंदी शेजारीच नांदत असल्याने ते सहज होऊन जाते, पण मराठीत मात्रा वैद्य उगाळून देतो, किंवा ती अक्षराच्या डोक्यावर बसते.

प्रयोगशाळेतला

'अंश' घेतल्यास पुढच्याच फलकावर अडचण येईल. डीएनएचे दोन पेड ज्या तापमानाला सुटतात ते जीसीवर अवलंबून असते, आणि मार्मुर व डोटी यांनी १९६२ साली दिलेल्या सूत्रानुसार जीसी एका टक्क्याने वाढला की ते तापमान ०.४१ अंश सेल्सिअसने वाढते. आता 'जीसी अंश १ टक्क्याने वाढल्यास तापमान ०.४१ अंशाने वाढते' हे वाक्य नववीतल्या मुलाला वाचायला देऊन पाहा. आम्ही कामाच्या ठिकाणी नुसते 'जीसी' म्हणतो : 'या प्रायमरचा (डीएनएच्या छोट्या तुकड्याचा) जीसी पासष्टच्या वर आहे, दुसरा मागवा.' पुढे कोणताही शब्द लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला आजवर शंका आलेली नाही.

गंमत अशी की, 'प्रमाण'चे दोन्ही अर्थ एकाच शास्त्रज्ञाच्या कामात एकत्र आलेले आहेत. एर्विन चारगॅफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की, जी आणि सी समसमान असतात, ए आणि टी समसमान असतात, परंतु ए-टीच्या बेरजेला जी-सीच्या बेरजेने भागले तर येणारे उत्तर जातीगणिक बदलते. चारही बेस सर्वत्र सारखेच असतात, ही तोवरची समजूत त्यामुळेच मोडली. म्हणजे एक प्रमाण अढळ आणि दुसरे चंचल. शिक्षिकाबाई पहिल्याविषयी बोलत आहेत आणि फलक दुसऱ्याविषयी.

रुईवाला, मूळ हिंगणघाट

आमच्या घरी दोन पिढ्या जिनिंगचा व्यवसाय होता, म्हणून एक शब्द सुचवतो : 'उतारा'. शंभर किलो कापसातून चौतीस किलो रुई निघाली की रुईचा उतारा चौतीस टक्के. साखर कारखान्यातही उसाचा उतारा असाच सांगतात. शेकड्यात मोजायच्या वाट्यासाठी इतका रुळलेला शब्द हाताशी असताना संस्कृत कोशात शिरण्याचे कारण मला दिसत नाही. योगायोग असा की, आपल्याकडच्या अमेरिकन कापसाच्या जीनोमचा जीसीही चौतिसाच्या आसपासच आहे, असे वाचल्याचे आठवते.

शब्दवेडा, महाल

शब्द अस्सल आहे, पण येथे तो बसत नाही. प्रक्रिया करून जे हाती येते तो उतारा; तो यंत्राप्रमाणे आणि कापसातल्या ओलाव्याप्रमाणे कमीजास्त होतो. जीसी तर डीएनएमध्ये असतोच, कोणी काढो वा न काढो. शिवाय 'डीएनएचा उतारा' असे वाचल्यावर निम्मे पालक तलाठी कार्यालयाची आठवण काढतील.

रुईवाला, मूळ हिंगणघाट

चारगॅफ यांनी डीएनए आम्लात उकळून त्याचे बेस सुटे केले, कागदावर वेगळे केले आणि मग एकेक मोजला. याला उतारा काढणे म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

निवृत्त शिक्षिका (संस्कृत), लक्ष्मीनगर

'जीसी'मधील 'जी' ज्या ग्वानीनचा आहे, त्याचा उगम कोणी पाहिला आहे का? ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत. आमचे वडील म्हणत की, 'ग्वानो' आणि आपले 'घाण' ही एकाच घरची भावंडे होत.

प्रयोगशाळेतला

बाई, वडिलांविषयी आदर ठेवून सांगतो की, हा शब्द पेरूकडच्या क्वेचुआ भाषेतला आहे. तेथे 'वानू' म्हणजे खत, त्याचे स्पॅनिशांनी 'ग्वानो' केले, आणि १८४४ साली जर्मन रसायनतज्ज्ञ उंगर यांनी त्या खतातून हा पदार्थ वेगळा केला. 'घाण' तर 'घ्राण'वरून आले असे आपणच शिकवले असेल.

निवृत्त शिक्षिका (संस्कृत), लक्ष्मीनगर

शिकवले आहे, आणि 'घ्राण'मध्ये मुळात सुगंधही येतो हेही शिकवले आहे. तरीही खत आणि वास यांची जवळीक माणसाला कोणत्याही खंडात सुचू शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मी सोडणार नाही.

फलकलेखक, धरमपेठ

चर्चा रंगली आहे, पण माझी ओळ अजून रिकामीच आहे. नागपूरचे प्रदर्शन असल्याने संयोजकांना संत्र्याचे उदाहरणही हवे आहे.

प्रयोगशाळेतला

उदाहरण झाडावरच आहे, पण फळात शोधू नका, रोगात शोधा. लिंबूवर्गीय झाडांवर खैऱ्या रोग आणणाऱ्या झॅन्थोमोनास जिवाणूचा जीसी सुमारे ६५ टक्के आहे, तर त्याच झाडांवर ग्रीनिंग हा रोग आणणाऱ्या लिबेरिबॅक्टर जिवाणूचा सुमारे साडेछत्तीस. पहिल्याच्या जीनोममध्ये पन्नास लाखांहून अधिक बेसजोड्या आहेत, आणि तो पानावर व पानाच्या पेशींमधल्या पोकळीत वाढतो. दुसऱ्याच्या जेमतेम बारा लाख आहेत, आणि तो एक तर झाडाच्या अन्नवाहिन्यांच्या पेशींत किंवा सायला किडीच्या शरीरात राहतो. अशा परावलंबी, आटलेल्या जीनोममध्ये जीसी बहुधा घसरलेला दिसतो. सायटोसीनमधील अमिनो गट आपोआप गळून त्याचे युरॅसिल होते आणि दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तर पुढच्या पिढीत तेथे टी येतो. जिवाणूंमधील उत्परिवर्तनांचा एकंदर कल जीसीकडून एटीकडेच असतो. त्यातच असे जिवाणू दुरुस्तीची काही जनुके गमावून बसतात, आणि नैसर्गिक निवडीची पकडही त्यांच्यावर सैल असते.

रुईवाला, मूळ हिंगणघाट

मग ज्याचा जीसी अधिक तो जिवाणू उन्हाळा अधिक सोसत असेल. जी-सीमध्ये तीन हायड्रोजन बंध, ए-टीमध्ये दोनच.

प्रयोगशाळेतला

हा तर्क मोहक आहे, पण १९९७ साली गाल्तिए आणि लोब्री यांनी पडताळून पाहिला तेव्हा जिवाणूंच्या संपूर्ण जीनोमचा जीसी आणि त्यांच्या वाढीचे तापमान यांत संबंध आढळला नाही. आरएनएच्या स्वतःवरच दुमडून जोड्या बनवणाऱ्या भागांत मात्र तो स्पष्ट दिसला. आणि डीएनएचे पेड घट्ट राहतात ते केवळ बंधांच्या संख्येमुळे नव्हे. एकावर एक रचलेल्या बेसमधील आकर्षणाचा वाटा त्यात मोठा असतो. तेव्हा 'जीसी जास्त म्हणून उष्णता सोसतो' असे फलकावर कृपया लिहू नका.

शब्दवेडा, महाल

आपण आता 'वाटा' हा शब्द किती सहज वापरलात! 'एकूण बेसमधील जीसीचा वाटा' असेच का लिहू नये? एक शंका मात्र राहते : फलकांवर 'जीनोम' का? 'जनुकसंच' आहे की.

प्रयोगशाळेतला

माणसाच्या जीनोममध्ये प्रथिनांचे संकेत असलेला भाग दोन टक्क्यांहून कमी आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना 'जनुकसंच' म्हणणे मला पटत नाही.

शब्दवेडा, महाल

'दूधवाला' म्हणून दहीही विकणाऱ्याला आपण हाक मारतोच. बाकी, दुसऱ्या फलकावर डीएनए 'वितळतो' असे लिहिले असल्यास ते आधी काढा. लोणी वितळते, डीएनए उसवतो.

निवृत्त शिक्षिका (संस्कृत), लक्ष्मीनगर

उसवते ती शिवण. डीएनएला पेड आहेत, आणि पेड सुटतात.