आवाज सारखा बसतोय, शिकवणं थांबवता येत नाही: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे, आणि मधली भिंत म्हणजे दोन कपाटं. सरांनी पाढे घ्यायला सुरुवात केली की माझा आवाज आपोआप चढतो, माझा चढला की त्यांचा. वर पत्रे. जुलैत तर पुढ्यात बसलेल्या पोरालाही ओरडूनच सांगावं लागतं.

सोमवारी आवाज बरा असतो. गुरुवारपर्यंत घोगरा होतो आणि शनिवारी परिपाठाला प्रार्थनेचा वरचा सूर लागतच नाही, नुसती हवा येते. सर्दी-खोकला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सुधारला, शाळा भरल्यावर पुन्हा तेच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आहेत, साध्याच आहेत, ऑपरेशन नको म्हणाले. आवाजाला विश्रांती द्या आणि व्हॉइस थेरपी (आवाज न ताणता बोलायचे व्यायाम) घ्या. आता पहिलीच्या पोरांना फळ्यावर सूचना लिहून शिकवायचं, तर त्यांना अजून वाचता कुठे येतंय!

सासूबाईंचं ज्येष्ठमध-खडीसाखर चालू आहे. तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, तेवढंच.

तालुक्याला स्पीच थेरपिस्ट नाही. व्हिडिओ कॉलवर थेरपी घेऊन कुणाला गुण आलाय का? कमरेला स्पीकर आणि तोंडाशी माइक, असा संच वर्गात कुणी वापरतं का? आणि गावातले भजनीबुवा सांगतात, पहाटे उठून खर्ज (अगदी खालचा सूर) लावा. गाठी असताना लावावा का? ‘पाणी प्या’ हा सल्ला भरपूर मिळाला आहे, तो सोडून सांगा.

प्रतिसाद १
बाई, मी वाचा-उपचाराच्याच क्षेत्रात आहे. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांना टेकतात. ओरडताना तेच जोरात आदळतात, आणि जिथे सगळ्यात जास्त आदळतात तिथे गाठी धरतात. त्या मऊ असतात तोवर बोलण्याची पद्धत बदलली की बहुतेकदा कमी होतात. खर्ज आरामात लागेल तेवढाच, गुणगुणल्यासारखा चालेल. गळा दाबून खाली ओढलेला सूर मात्र ओरडण्याइतकाच वाईट.

त्यापेक्षा हे करा. अर्धा ग्लास पाणी, त्यात स्ट्रॉचं टोक दोन बोटं खोल बुडवा, गाल सैल सोडा आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा. पुढे वाट अरुंद असल्याने हवेचा दाब मागे राहतो आणि तंतू हलके टेकतात. मधल्या सुट्टीत दोन-तीन मिनिटं पुरे. आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नका, पुष्कळांचा घसा त्यात आणखी आवळतो. खाकरावंसं वाटलं तर आवंढा गिळा. पाण्याचं सांगत नाही, वाफेचं सांगते: प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना थेट स्पर्श करत नाही, वाफ थेट पोचते.

व्हिडिओवर थेरपी होते, फक्त दुर्बिणीचा रिपोर्ट आधी दाखवा. मुंबईला येणं होत असेल तर वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पहिली भेट समोरासमोर, पुढचं फोनवर असं जमेल का, विचारून बघा.

प्रतिसाद २
माइक मी वापरतो. पोरं सुरुवातीला ‘हॅलो हॅलो’ करतात, मग विसरतात. माइक ओठांच्या समोर नको, कडेला ठेवा, नाहीतर प्रत्येक ‘फ’ला फुसकारा येतो. आवाज मात्र बेताचा ठेवा. तुमचा स्पीकर मोठा झाला की कपाटापलीकडचे सर आणखी ओरडणार! त्यांच्याशी आधी वेळापत्रक जुळवा: त्यांचे पाढे तेव्हा तुमची चित्रं रंगवणं, तुमची बडबडगीतं तेव्हा त्यांचं शुद्धलेखन. वर्ग गप्प करायला टाळ्यांचा ठेका धरा, पोरांनी तो परत वाजवायचा. ‘ए, गप्प बसा’ यातच निम्मा घसा जातो.

धागाकर्ती
आभार दोघांचेही. सरांशी बोलले, पाढे आता परिपाठानंतर व्हरांड्यात होतील (पाऊस नसला तर). ताई, रिपोर्टवर साध्या दुर्बिणीचाच फोटो आहे. थेरपी सुरू करण्याआधी ती लुकलुकत्या दिव्याची स्ट्रोबोस्कोपी (तंतूंची थरथर संथ झाल्यासारखी दिसते ती तपासणी) करावीच लागते का? त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागेल, आणि रजा मे महिन्याशिवाय मिळायची नाही.