नेट तोडलं म्हणून घड्याळ थांबत नाही
ऑनलाइन बुद्धिबळात हरायला आलं की समोरचा मुद्दाम नेट तोडतो आणि त्याचं घड्याळ थांबतं, असं काही जण म्हणतात. ते चूक आहे. घड्याळ सर्व्हरवर चालतं. फट असलीच तर लॅगच्या, म्हणजे नेटमुळे होणाऱ्या उशिराच्या, भरपाईत. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर चाल पोचायला लागलेला वेळ परत मिळतो, पण त्याला मर्यादा असते आणि आधी दिलेली भरपाईही हिशेबात धरतात. म्हणून लबाडी जमलीच तर १+० च्या (एक मिनिट, वाढीव वेळ नाही) डावात शेवटच्या सेकंदांत. ३+२ ला (तीन मिनिटं, दर चालीला दोन सेकंद वाढीव) फारसं काही हाती लागत नाही.

आता पारोळ्याला लाइट गेली की राउटर बंद पडणारच, पण लाइट काही पट बघून जात नाही. त्यामुळे एका डावावरून रिपोर्ट ठोकू नका. समोरच्याचे हरलेले डाव उघडा, प्रत्येक चालीला लागलेला वेळ बघा. वजीर पडला आणि लगेच गडी गायब, असं चार-पाच डावांत दिसलं तर मग लिंकांसकट कळवा.