सम्टरला 'कोणी मेलं नाही' म्हणणाऱ्यांसाठी

तोफखाना: 'अमेरिकी यादवीची (उत्तर विरुद्ध दक्षिण) पहिली लढाई, सम्टर किल्ल्यावरची, म्हणजे 34 तासांची आतषबाजी, मेलं कोणीच नाही' असं परवा कुणीतरी ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. का मेलं नाही, हे विचारलंत? 650 माणसांसाठी बांधलेल्या किल्ल्यात शिबंदी जेमतेम 85. उत्तरेचा किल्लेदार अँडरसन, त्याने वरच्या उघड्या मजल्यावरच्या जड तोफांकडे माणसं जाऊच दिली नाहीत. खालच्या विटांच्या कमानींतून मारा केला. तोफेत ठासायच्या दारूच्या पिशव्या संपल्यावर कपडे फाडून नव्या शिवल्या, सुया सहा. मारा मंदावला तो त्यामुळे. आणि 14 एप्रिल 1861 ला किल्ला सोडताना 100 तोफांच्या सलामीत 47व्या बाराला तोफेवरचा शिपाई डॅनियल हफ मेला, जखमी गॅलोवे नंतर. ते मोजायचे नाहीत?

कागदीघोडे: सलामीतला अपघात म्हणजे लढाई नव्हे. पहिली खरी लढाई व्हर्जिनियातली बुल रन, 21 जुलै. दोन्हीकडचे मिळून साडेआठशेच्या आसपास ठार. रुग्णगाड्या दोनचाकी, गचके देणाऱ्या. भाडोत्री गाडीवान पळाले. जखमी चाळीसेक किलोमीटर चालत वॉशिंग्टनला! त्याबद्दल लिहा.

तोफखाना: लिहा की, कोण अडवतंय. पण 'अपघात' म्हणून झटकू नका. बार झाला की ओल्या बोळ्याने नळी पुसायची. त्या वेळी एकाने तोफेचा कान (बत्ती द्यायचं भोक) अंगठ्याने दाबून धरायचा, नाहीतर हवा शिरून उरलेली ठिणगी फुलते. मग पिशवी ठासायची. यात घाई झाली, की पिशवी ठासणाऱ्याच्याच हातात फुटते. हफचा उजवा हात तसाच उडाला, आणि ठिणग्या शेजारच्या पिशव्यांच्या ढिगात पडल्या.

शिसेगोळी: कानावर अंगठा ठेवला नव्हता, हे तुम्ही पाहिलंत? सुती कापड धुमसत राहतं, लोकरी फलानीन साफ जळून जातं, म्हणून पिशव्या लोकरीच्या करतात. दोष त्या शर्टांच्या कापडाचा असेल.

तोफखाना: असेलही. मग शर्टांवर खटला भरा. सलामीच्या पिशव्या त्याच कापडाच्या होत्या, हे आधी सिद्ध करा.

कागदीघोडे: अंगठे नि कापड! बुल रनला हेन्री टेकडीवर 85 वर्षांची ज्युडिथ हेन्री अंथरुणातच तोफेच्या गोळ्याने गेली. उत्तरेच्या रिकेट्सच्या तोफा तिच्या घरात लपलेल्या नेमबाजांवर रोखलेल्या होत्या. ही किंमत.

तोफखाना: बरं, ज्युडिथबाई तुमच्या, हफ माझा. पण उत्तरेच्याच ग्रिफिनच्या तोफांसमोर निळ्या कपड्यांतली दक्षिणेची पलटण, 33वी व्हर्जिनिया, आली, तेव्हा ग्रिफिनचा वरिष्ठ बॅरी याने 'आपलेच आहेत' म्हणून मारा रोखला आणि तोफा गेल्या. ही तोफखान्याचीच गोष्ट आहे, साहेब.

शिसेगोळी: आणि बंदुकीची मिनिए गोळी? मऊ शिसं हाडाला लागलं की पसरतं, हाडाच्या चिंध्या होतात, मग करवतीशिवाय इलाज नाही. तोफवाल्यांना यातलं काही दिसतच नाही.