आजोबांची टू-टू रायफल आणि रताळ्याच्या रानातली डुकरं : मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला आमचं रान आहे. वरच्या तुकड्यात रताळी, खाली भात, बांधावर काजू. भीमगडचं जंगल लांब नाही. रानडुकरं पूर्वीही यायची, पण गेल्या तीन वर्षांत त्यांनी नुसता उच्छाद मांडलाय. रताळी म्हणजे त्यांना पान वाढून ठेवल्यासारखंच. एका रात्रीत सहा-सात सऱ्या उलथ्यापालथ्या करतात आणि खातात त्याच्या दुप्पट नासवतात. वडील माळ्यावर जागलीला जायचे, डबा वाजवला की कळप पळायचा. आता डबा वाजला की डुकरं मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात.

आता मुद्दा. आजोबांच्या परवान्यावर दोन हत्यारं होती. एक पीक संरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आणि दुसरी इशापूर कारखान्याची .22, म्हणजे टू-टू, रायफल. तरुणपणी ते रायफल क्लबचे सभासद होते, ही तेव्हाची. गेल्या वर्षी ते वारले. दोन्ही हत्यारं त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली, पावती आहे. आता वारस म्हणून अर्ज करायचाय.

आमचा पुतण्या पुण्याला असतो आणि रात्रंदिवस अमेरिकन शिकारीचे व्हिडिओ बघतो. त्याचं म्हणणं, "काका, ठासणी कशाला? तिकडं शेतकरी बारक्या बोअरच्या, म्हणजे बारीक नळीच्या, रायफलीनंच जनावरं आवरतात, त्याला व्हार्मिंट हंटिंग म्हणतात. टू-टू ठेवा, नाहीतर .17 किंवा .223 बघा." गोळी बारकी, आवाज कमी, धक्का नाही. ऐकायला बरं वाटतं. पण वडील म्हणतात टू-टूनं डुक्कर पडत नाही, पिसाळतं. खरं काय? या काडतुसांत नेमका फरक काय, आणि मुळात डुकरावर गोळी चालवायला मला परवानगी आहे का? डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा फॉर्म कन्नडमध्ये आहे आणि माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं. जाणकारांनी तेवढं सांगा की.

प्रतिसाद, नंदगडहून :
बंदुकीचं नंतर बघा. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं यंत्र, लावलंय का? आमच्याकडं दोन वर्षं झाली, डुक्कर बांधाच्या आत नाही.

प्रतिसाद, बेळगावचा एक नेमबाज :
वडिलांचं ऐका. पुतण्या म्हणतो ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या जनावरांचं आहे. व्हार्मिंट म्हणजे तिकडची बारकी उपद्रवी जनावरं. कुरणात बिळं करणारे खारीच्या जातीचे प्रेअरी डॉग, वुडचक, फार तर कोल्ह्यासारखा कोयोट. पातळ कातडीची आणि लांबून टिपायची. त्यांच्यासाठी काडतुसं बनली ती हलकी आणि अतिवेगवान. .22 हॉर्नेट 1930 सालचं. 1935 मध्ये .220 स्विफ्ट आलं, त्याची 48 ग्रेनची (3.1 ग्रॅमची) गोळी सेकंदाला 1,200 मीटरच्या वर जायची. 1950 ला .222 रेमिंग्टन, 1964 ला .223. ते आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीच्या 5.56 काडतुसाचं जुळं भावंड. 2002 मध्ये .17 एचएमआर आलं, त्याची गोळी 17 ग्रेनची, म्हणजे 1.1 ग्रॅम. सोनाराच्या हिशेबात नऊ गुंजा! या व्हार्मिंट गोळ्यांचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. लागल्या की आतल्या आत फुटून चुरा होतो. प्रेअरी डॉगला तेवढं पुरतं आणि गोळी जमिनीवर आपटून पुढं उसळत जाण्याची भीतीही कमी.

आता डुक्कर घ्या. मोठा नर शंभर किलोच्या घरात जातो आणि खांद्यावर जाड, चिवट ढाल असते. चुरा होणारी गोळी त्या ढालीतच संपते. जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि सकाळी पाणी सोडायला गेलेल्या माणसावर येतं.

तुमची .22 तर यातली नव्हेच. ते लाँग रायफल काडतूस 1887 सालचं. 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी. निशाणेबाजीच्या काडतुसात वेग सेकंदाला साधारण 330 मीटर, आवाजाच्या जरा खाली. बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेला असतो, म्हणून रिमफायर. वर सांगितलेल्यांपैकी .17 एचएमआर सोडून बाकी सगळी सेंटरफायर, मधोमध टिकली असलेली. मी वीस वर्षं 50 मीटरवर याच काडतुसानं कागद फोडतोय. कागदावर ते सोनं आहे. डुकरावर मारणं म्हणजे पाप, आणि मूर्खपणाही. शिवाय ही मऊ गोळी दगडावर, ओल्या मातीवर सहज उसळते. खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असा इशारा छापलेला असतो. तुमच्या रानापासून दीड मैलात किती वाड्या येतात ते मोजून बघा.

प्रतिसाद, निपाणीचे एक वकील :
नेमबाजसाहेबांनी गोळीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. तुमच्या अर्जात दोन गोष्टींची गल्लत आहे, ती आधी सोडवा.

शस्त्र कायदा 1959, कलम 13. यात पीक संरक्षणासाठी परवाना आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे बारा बोअरसारखी बंदूक मिळू शकते. .22 रायफलचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण मान्यताप्राप्त क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी. तेव्हा टू-टूच्या अर्जात 'पिकासाठी' असं लिहू नका. आजोबांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर आधी क्लबचं सभासदत्व घ्या. दोन्हींचे अर्ज वेगळे करा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बंदुकीचा परवाना हा जनावर मारायचा परवाना नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी, तोंडी नाही. फॉरेस्ट गार्ड म्हणाला 'मारा, मी बघतो', असं चालत नाही. परवानगीनं मारलेलं डुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता, मटण वाटलंत तर गुन्हा. विनापरवानगी मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कलम 62 खाली केंद्र सरकार एखादं जनावर ठरावीक भागात, ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करतं. उत्तराखंडात 2016 मध्ये रानडुकराचं तसं झालं होतं. उत्तराखंडचा कागद खानापुरात चालत नाही, लोक व्हॉट्सअॅपवर तोच फिरवतात.

ठासणीनं हवेत बार काढून कळप हुसकावणं वेगळं. त्यासाठीच ती बंदूक. नुकसानभरपाईचा अर्जही वनखात्याकडं टाका. उतारा, फोटो आणि पंचनामा लागेल. सऱ्या सरळ करायच्या आधी फोटो काढा, निम्मे लोक तिथंच चुकतात. आणि महाराष्ट्रात चंदगड बाजूला पाहुण्यांकडं बंदूक घेऊन जाणार असाल तर परवान्यावर क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. डुकराला सीमा नाही, परवान्याला आहे.

मूळ लेखक :
सगळ्यांचे आभार. पुतण्याला धागा पाठवला, त्याचं उत्तर आलं, 'बरं.' एवढंच. ठासणीचा अर्ज पुढच्या सोमवारी टाकतो, शेजारचे कन्नड मास्तर भरून देणार आहेत. टू-टूचं वडील म्हणतात, असू दे जमा, क्लबचं बघून ठरवू. नंदगडकर, आता तुम्ही सांगा, झटका मशीनची खालची तार जमिनीपासून किती वर ठेवलीत?

प्रतिसाद, नंदगडहून :
वीतभर. त्याहून वर गेली की पिल्लं खालून शिरतात, मागनं आई तार उचकटते. मशीन बॅटरीवरचंच घ्या, लाईनचा करंट तारेत सोडू नका, माणूस मरतो आणि आपण जेलात. पावसाळ्यात तारेखालचं गवत आठवड्याला कापा, नाहीतर झटका सगळा गवतातच मुरतो.