श्रवणबैठकीत समलिंगी संगीतकारांविषयी किती सांगावे?

दांडियाबाजारकर (वडोदरा)

आमच्या श्रवण मंडळातील बहुतेक सभासद ख्याल-ठुमरीवर वाढलेले आहेत. पुढची बैठक पाश्चात्त्य अभिजात संगीतातील समलिंगी आणि पारलिंगी कलावंतांच्या गौरवार्थ घ्यावी, असे तरुण सभासदांनी सुचवले आहे. त्यावर एका ज्येष्ठांचे म्हणणे असे की, फैयाज खाँसाहेबांचे गाणे ऐकताना आपण त्यांच्या घरात डोकावत नाही, मग रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या घरात का डोकावावे? हा आक्षेप मला अगदीच गैर वाटत नाही. निवेदनात काय सांगावे आणि कोणत्या रचना निवडाव्यात?

सूरसागरकाठी

ज्या रचनेचा जन्मच एखाद्या नात्यातून झाला, तिथे ते नाते सांगितलेच पाहिजे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४० मध्ये शिल्पकार-कवी मायकेलअँजेलोच्या सात सुनीतांना चाली दिल्या, त्या आपला सहचर आणि गायक पीटर पिअर्स याच्या आवाजासाठी. मूळ कवितांपैकी बऱ्याच एका तरुणाला उद्देशून होत्या. कवीच्या पुतण्याच्या मुलाने १६२३ मध्ये त्या छापताना पुरुषाच्या जागी स्त्री घातली. ब्रिटन आणि पिअर्स यांनी मात्र १९४२ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्या मूळ रूपात सादर केल्या. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मैफिलीचे धाडस कळते. त्यातले तिसरे गीत जरूर ऐकवा: पियानोचे स्वर संथपणे पडत राहतात आणि आवाज त्यांच्यावर जवळजवळ आलापीसारखा तरंगतो. तुमच्या ज्येष्ठांना ते परके वाटणार नाही.

जुना तंबोरा

वरील मताशी मी सहमत आहे, पण पुराव्याची शिस्त पाळावी. चायकोव्हस्कीने भाऊ मोदेस्त याला लिहिलेल्या पत्रांत आपल्या समलिंगी ओढीविषयी स्वतःच लिहिले आहे आणि १८७७ मधला त्याचा विवाह काही आठवड्यांतच मोडला. एवढे निःशंकपणे सांगता येते. सहावी सिंफनी (मोठी वाद्यवृंदरचना) त्याने भाच्याला अर्पण केली आणि तिच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी तो वारला, म्हणून तिच्यात आत्महत्येची चिठ्ठी शोधण्याची निवेदकांना फार हौस असते. ती कृपया आवरावी. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टविषयी अभ्यासकांतच वाद असल्याने त्याला या यादीत ओढू नये. ठुमरीतील नायिकाभावाचा दाखला देण्याचा मोहही टाळावा, कारण पुरुषाने नायिकेच्या तोंडचे शब्द गाणे हा आपल्याकडचा रूढ संकेत आहे, गायकाचे आत्मचरित्र नव्हे.

अलकापुरीची श्रोती

यादीत सगळे पुरुषच दिसतात! इंग्रज संगीतकार एथेल स्माइथ हिला घ्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती १९१२ मध्ये हॉलोवे तुरुंगात गेली. अंगणात कैदी तिचेच समरगीत गात असताना खिडकीतून दात घासण्याच्या ब्रशने ती ताल देत होती, असा किस्सा प्रसिद्ध आहे. स्त्रियांवरील आपल्या प्रेमाविषयी तिने फारशी लपवाछपवीही केली नाही. पारलिंगी कलावंतांपैकी वेंडी कार्लोस हिची, जर्मन संगीतकार बाखच्या रचना सिंथेसायझरवर वाजवलेली १९६८ ची तबकडी लावावी.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. ब्रिटनला अर्धी बैठक द्यावी, असे ठरवले आहे. सुनीतांचा मराठी अर्थ लिहिलेला कागद आधी वाटावा की गाणे झाल्यावर?

सूरसागरकाठी

तिसऱ्या गीताचा तरी आधी द्या. बाकीची गीते मंडळींना नुसत्या आवाजावर ऐकू द्यावीत.