शाळेची लायब्ररी आणि मार्क: तुमचा अनुभव काय?

मुलीच्या शाळेत परवा पालकसभा होती. लायब्ररीचा तास बंद करून त्या जागी गणिताचा जादा तास घ्यावा, असा विषय निघाला. "गोष्टी वाचून मार्क थोडेच वाढतात?" असं एका पालकांनी विचारलं आणि निम्म्या सभेने माना डोलावल्या. मी गप्प बसले. वाढतात असं मनातून वाटत होतं, पण कसे ते सांगता येईना.

घरी येऊन थोडं शोधलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी यावर १९९३ मध्ये अभ्यास केला होता, २००० मध्ये पुन्हा केला. चांगली लायब्ररी आणि पुरेसे कर्मचारी असलेल्या शाळांतली मुलं वाचनाच्या चाचण्यांत पुढे निघाली. आसपासची गरिबी-श्रीमंती हिशेबात धरली तरी फरक उरलाच. पण सभेत अभ्यासाचं नाव घेतलं की लोक घड्याळ बघतात, म्हणून हा धागा. तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते लिहा. मार्क वाढले, कमी झाले, काहीच झालं नाही, सगळं चालेल. फक्त "वाचाल तर वाचाल" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

गणित शिकवणारी

ज्या विषयासाठी तास कापताय तोच मी शिकवते, म्हणून आधी लिहिते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. अपूर्णांकांचा गुणाकार तोंडी करायचा, शाब्दिक उदाहरण आलं की हमखास चुकायचा. एकदा शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावलं. बोट ओळीखाली सरकत होतं. "टाकीचा एक तृतीयांश भाग भरला, तर उर्वरित भाग..." इथे बोट थांबलं. विचारलं, उर्वरित म्हणजे काय रे? म्हणाला, "वरचा." त्याच्या डोक्यात टाकी होती, पाणी होतं, त्यामुळे वरचा भाग अगदी बरोबर बसत होता! त्या उदाहरणात उत्तरही बरोबर आलं असतं. पुढच्या उदाहरणात उर्वरित रक्कम होती, तिथे मात्र गाडी अडली.

असे शब्द मी किती शिकवणार? ग्रंथपालांनी त्याला फुटबॉलवरची पुस्तकं द्यायला सुरुवात केली, कारण तो दुसऱ्या कशाला हात लावत नव्हता. सहा-सात महिन्यांनी तो उदाहरण शेवटपर्यंत वाचायला लागला. आधी आकडे दिसले की तो बेरीज करून मोकळा व्हायचा. मार्क वाढले, पण श्रेय माझ्या जादा तासांना मिळालं.

आवडीच्या विषयाबद्दल एक जुना प्रयोग आहे, रेक्ट आणि लेस्ली यांचा, १९८८ चा. बेसबॉलवरचा उतारा वाचायला दिला, तर वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. फुटबॉलचं पुस्तक बघून नाक मुरडणाऱ्यांसाठी मी हे पाठ करून ठेवलंय.

काचेपलीकडचा

आमच्या शाळेत पुस्तकं होती. काचेच्या कपाटात. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. तपासणी आली की कपाट उघडायचं, फडकं मारायचं, परत कुलूप. सगळी शाळा संपेपर्यंत मी फक्त पुस्तकांचे कणे वाचले. नावं आजही ओळीने सांगू शकतो, आत काय होतं विचारू नका. कागदोपत्री आमच्याकडे समृद्ध ग्रंथालय होतं.

निवृत्त ग्रंथपाल

वरचं वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. दाखल नोंदवहीत पुस्तक चढलं की ते हरवण्याची जबाबदारी आमच्यावर येते. कुलूप हा त्यावरचा सोपा इलाज.

लायब्ररीमुळे मार्क कमी झाल्याचा किस्सा माझ्याकडे आहे. एका मुलीने परीक्षेत ग्रह नऊ लिहिले. गुण गेला. ती आमच्याच लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक छातीशी धरून आली, "यात नऊच आहेत, सर." प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं होतं, आमच्या कपाटातून काढायचं राहिलं होतं. त्या सुट्टीत बसून मी विज्ञान आणि भूगोलाची जुनी पुस्तकं निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करून बाद करायला, काढली. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. "एवढी पुस्तकं फेकता?" म्हणून माझ्यावर ओरडा झाला. पण उरलेल्यांची देवघेव वाढली, कारण ती आता दिसायला लागली.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मुलाला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मिळतात हे लक्षात आल्यावर ते खरं कळलं. दशमान वर्गीकरण, म्हणजे विषयवार आकड्यांनी पुस्तकं लावायची पद्धत, तसंच ठेवलं, पण कण्यांवर रंगीत पट्ट्या लावल्या आणि पंधरा-वीस पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडली. बाकी काही केलं नाही.

दुसरी गोष्ट प्रकल्पांची. मुलं येतात, "सर, प्रकल्पाला काहीतरी द्या." पूर्वी मी एक पुस्तक हातात ठेवायचो आणि ती पान नंबर विचारून तेवढंच उतरवायची. पुढे मी मुद्दाम दोन द्यायला लागलो, जमल्यास एकमेकांशी न जुळणारी. मुलं वैतागायची. ग्रंथालयशास्त्राच्या अमेरिकी अभ्यासक कॅरोल कुल्थाऊ यांनी याच अवस्थेवर काम केलंय: विषय ठरला, माहिती गोळा व्हायला लागली की मुलांचा गोंधळ वाढतो, आत्मविश्वास खाली येतो. मी तोवर त्याला आळस समजत होतो. त्या वेळी कोणी शेजारी बसलं तर मूल पुढे जातं, नाहीतर उतारा छापून मोकळं होतं. आणि शेजारी बसायला माणूस लागतो, कपाट बसत नाही.

शंकेखोर

मी जरा पाणी ओततो. ज्या शाळेत लायब्ररी चांगली, तिथे शिक्षकही चांगले, प्रशासनही जागं. मार्क कशाने वाढले हे कसं वेगळं काढणार? माझा स्वतःचा अनुभव उलटा आहे. नववीत मी लायब्ररीतल्या रहस्यकथांचा अख्खा खण संपवला आणि रसायनशास्त्रात नापास झालो.

धागाकर्ती

शंका रास्त आहे. लान्स यांच्या अभ्यासातही संबंध दिसतो. ग्रंथपाल नेमला की मार्क वाढतात असं सरळ त्यातून सिद्ध होत नाही. पण पिसा या अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या चाचणीच्या २००० च्या फेरीवरून निघालेलं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. १५ वर्षांच्या ज्या मुलांच्या पालकांच्या नोकऱ्या सगळ्यात खालच्या गटातल्या, पण जी आवडीने भरपूर वाचतात, त्यांचे वाचनाचे सरासरी गुण ५४० होते. वरच्या गटातल्या घरांतल्या पण न वाचणाऱ्या मुलांचे ४९१. आता ज्या घरात पुस्तक नाही त्या मुलाने आवडीने वाचायचं तर आणायचं कुठून?

आणि रहस्यकथांमुळे भाषेत किती पडले ते लिहिलं नाहीत.

शंकेखोर

भाषेत वर्गात दुसरा. पण तो मुद्दा नाही.

मधल्या सुट्टीतली

मी लायब्ररीत वाचायला जात नव्हते, लपायला जात होते. वर्गातल्या काही मुली मला त्रास द्यायच्या. तिथल्या बाईंनी कधी काही विचारलं नाही; फक्त डिंक, चिठ्ठ्या आणि शिक्का पुढे सरकवायच्या. पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता मला एक शोध लागला: जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते आणि ती अकारविल्हे असते. हसू नका, वर्गात हे कोणी सांगितलं नव्हतं. तोवर मी धडा पहिल्या ओळीपासून शोधत बसायचे. आज वैद्यकीय ग्रंथ चाळते तेव्हाही आधी शेवटची पानं उघडते.

प्राथमिक शिक्षिका

सुट्टीबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे सुट्टी लागायच्या आत पुस्तकं जमा करून मोजदाद व्हायची, म्हणजे मुलांना खरा वेळ मिळतो तेव्हाच कपाट बंद. ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रांझन यांचा २०१० चा अभ्यास मुख्याध्यापकांना दाखवला: गरीब घरांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तकं, त्यांनीच निवडलेली, दिली, तर त्यांचं वाचन इतरांपेक्षा सुधारलं. हो-ना करत परवानगी मिळाली, "हरवली तर तुम्ही बघा" या अटीवर. ४० पुस्तकं गेली, ३७ परत आली. एकातल्या सगळ्या राजांना मिशा काढलेल्या होत्या, राणीलासुद्धा. त्या पुस्तकाला आता सगळ्यात जास्त मागणी आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पुढची सभा शुक्रवारी. 'उर्वरित'चा प्रतिसाद छापून नेणार आहे, चालेल ना? काल मुलीला आणायला गेले तेव्हा लायब्ररीत डोकावले. ग्रहांचं पुस्तक काढून बघितलं. नऊच आहेत.